रुग्णालयातले फायर डँपर : शोधायचे कसे, पाडून बघायचे कसे

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या एका चार मजली रुग्णालयात फायर डँपर, म्हणजे आग लागली की एसीच्या डक्टमधली (हवेच्या पत्र्याच्या नळातली) वाट बंद करणारी झाकणं, तपासत होतो. मी तळमजल्यावर फायर पॅनेलपाशी, आमचा फिटर दुसऱ्या मजल्यावर आयसीयूबाहेर शिडीवर, डोकं फॉल्स सीलिंगच्या वर. मी कमांड दिली. पॅनेलवर 'बंद' आलं. फोनवर विचारलं, "पडला का?"

"मोटर फिरली की साहेब."

"मोटर फिरली ते कळलं. पातं पडलं का?"

जरा वेळ शांतता. मग डक्टचं झाकण उघडल्याचा खडखडाट, आणि पाठोपाठ, "पातं हाय तिथंच हाय वो. नुसती मोटर फिरालीया."

ॲक्च्युएटर (पातं फिरवणारी मोटर) आणि डँपरचा दांडा यांना धरणारा क्लॅम्प ढिला होऊन घसरत होता. 'बंद झालं' हे पॅनेलला कळवणारा लिमिट स्विच ॲक्च्युएटरच्या पोटात, त्यामुळं त्याच्या लेखी काम फत्ते. आग लागली असती तर पॅनेलनं 'बंद' दाखवलं असतं आणि धूर आरामात पलीकडच्या वॉर्डात गेला असता. फायलीत मात्र त्या डँपरपुढं ओळीनं 'ओके' लिहिलेलं.

रुग्णालयाचं मेंटेनन्स बघणारे इंजिनिअर, आणि स्वतःच मालक असलेले डॉक्टर, यांच्यासाठी हे लिहितोय. डँपर पाडून, म्हणजे मुद्दाम बंद करून, बघायला दोन मिनिटं लागतात. तो शोधणं, त्याच्यापर्यंत हात पोचवणं आणि त्यासाठी एएचयू (डक्टमध्ये हवा ढकलणारं एसीचं पंख्याचं युनिट) बंद करायची परवानगी मिळवणं, यात आठवडा जातो. म्हणून लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

डँपर नेमकं करतो काय

लॉजला आग लागली तर माणसं जिन्यानं खाली पळतात. व्हेंटिलेटरवरचा पेशंट, टेबलावर पोट उघडलेला पेशंट, पेटीतलं बाळ कुठं पळणार? त्यांना आधी त्याच मजल्यावर पलीकडच्या कप्प्यात सरकवायचं असतं, मधली भिंत आग ठरलेला वेळ थोपवेल या भरवशावर. त्याच भिंतीला भोक पाडून एसीचा डक्ट नेलेला असतो. आगीच्या वेळी ते भोक बुजवणारं झाकण म्हणजे फायर डँपर. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात त्याच्या जागा सांगितल्या आहेत: डक्ट अग्निरोधक भिंत ओलांडतो तिथं, मजला ओलांडतो तिथं, उभ्या शाफ्टमध्ये शिरतो तिथं.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती भेटतात. एक पडद्याची: पात्यांची घडी वर बांधलेली, आणि ती धरून ठेवणारी फ्युजिबल लिंक. ही लिंक साधारण ७२ अंश सेल्सिअसला वितळते, घडी सुटते, पडदा खाली येतो. दुसरी अनेक पात्यांची, स्प्रिंग-रिटर्न ॲक्च्युएटरवाली: वीज आहे तोवर उघडी, वीज गेली किंवा पॅनेलनं तोडली की स्प्रिंग पाती ओढून बंद करते. हिलाही ७२ अंशांचा थर्मल फ्यूज, म्हणजे तेवढ्या उष्णतेला वीज तोडणारा फ्यूज, असतोच.

इथं एक मुद्दा डोक्यात पक्का बसवा. लिंकला उष्णता कळते, धूर कळत नाही. आगीपासून दोन खोल्या लांब डक्टमधला धूर ७२ अंशांच्या खूप खाली असतो आणि तोच जीव घेतो. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला आग तळघरात लागली होती. वरच्या मजल्यांवर ९० च्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. म्हणून नुसता लिंकचा डँपर असेल तर धूर लागताक्षणी एएचयू बंद पडणं हे डँपरइतकंच महत्त्वाचं. दोन्ही एकत्र तपासायचे.

आधी मोजणी

ड्रॉइंग मागा. मिळालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. बांधकाम संपता संपता डक्टचा मार्ग बदलतो आणि ड्रॉइंग जुनंच राहतं. ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक एएचयू रूमपासून डक्टच्या मागं मागं चालत जा. सप्लाय (हवा नेणारा) आणि रिटर्न (परत आणणारा) दोन्ही. रिटर्न बऱ्याच ठिकाणी डक्टमधून न येता फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतूनच येतो. तिथं एएचयू रूमच्या भिंतीतल्या जाळीमागं डँपर असायला हवा, आणि नेमका तोच बसवायचा राहिलेला असतो.

सापडलेल्या प्रत्येक डँपरला नंबर द्या: मजला, विभाग, क्रमांक. '२-आयसीयू-०३' एवढं पुरे. तोच नंबर डँपरवर पक्क्या मार्करनं, खाली सीलिंगच्या टाइलच्या कडेला छोट्या लाल स्टिकरवर आणि रजिस्टरमध्ये. स्टिकर फुकटातला वाटतो, पण पुढच्या वेळी अर्धा दिवस वाचवतो.

मग बघा, हात पोचतो का. डँपरशेजारी डक्टला उघडझाप करता येईल असं झाकण हवं, निदान खांद्यापर्यंत हात आणि एक बॅटरी आत जाईल एवढं. नसेल तर तो डँपर 'तपासता न आलेला' म्हणून स्वतंत्र यादीत घाला आणि झाकण कापून घ्यायचं काम आधी काढा. झाकण बसवताना गॅस्केट चांगलं लावा, नाहीतर ओटीची (ऑपरेशन थिएटरची) हवा तिथूनच गळते.

मोजणी करतानाच भिंतीकडं बघा. बंद झालेलं पातं भिंतीच्या जाडीतच यायला हवं. भिंतीपासून फूटभर लांब, डक्टमध्ये लोंबकळणारा डँपर काही कामाचा नाही. आगीत पत्र्याचा डक्ट वाकून पडतो आणि आपल्याबरोबर डँपरही घेऊन जातो. डँपरच्या स्लीव्हभोवतीची (भिंतीत बसवलेल्या पत्र्याच्या चौकटीभोवतीची) फट साध्या पीयू फोमनं भरलेली असेल तर तेही लिहून ठेवा. मात्र उत्साहाच्या भरात ती सिमेंटनं गच्च बुजवू नका. तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून काही डँपरना मुद्दाम फट सोडून दोन्ही बाजूंनी अँगल मारतात. उत्पादकाचं बसवणीचं पत्रक काढा आणि त्यात आहे तसंच करा.

परवानगी आणि वेळ

तंत्रज्ञ लोक इथं सगळ्यात जास्त चुकतात. ओटीचा एएचयू थांबला की आतला जादा दाब गेला. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या ओटीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० वेळा हवा बदल आणि बाहेरच्या तुलनेत किमान २.५ पास्कल जादा दाब सांगितला आहे. पंखा बंद होताच दोन्ही गायब. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या पेशंटसाठीच्या आयसोलेशन रूममध्ये उलटं: तिथं दाब कमी ठेवलेला असतो, पंखा थांबला की आतली हवा बाहेर पडायला मोकळी.

म्हणून ओटी इन्चार्ज सिस्टर, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि फायर पॅनेलवरचा माणूस यांना एकत्र बसवून तारीख ठरवा. चहा तुमच्याकडून. ओटीसाठी रविवार, तोही इमर्जन्सी टेबल दुसरीकडं तयार ठेवून. आयसीयूचा एकेक भाग, पेशंट सरकवून. आयसोलेशन रूम रिकामी असेल तेव्हाच. सिस्टर 'आज नाही' म्हणाल्या तर आज नाही. वाद घालायचा नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. सीलिंगच्या वर वर्षानुवर्षांची धूळ असते, तिच्यात ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात. केमोथेरपीवरच्या किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटला ते पुरेसे होतात. टाइल उचलण्याआधी खाली प्लॅस्टिकचा तंबू करा, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा) व्हॅक्यूम जवळ ठेवा, टाइल कोरडी झाडू नका. काम झाल्यावर फ्युमिगेशन करायचं का, कल्चर घ्यायचं का, हा निर्णय इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांचा.

वर्षातला काळ विचाराल तर मी एप्रिल-मे म्हणेन. जूनपासून चार महिने इथली हवा इतकी दमट असते की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याच्या कडांवर पांढरा गंज चढतो आणि पडद्याच्या खाचा धरतात. गळीत हंगामात कारखान्यांची काजळी उडते; फ्रेश एअरच्या तोंडाशी फिल्टर फाटका असेल तर ती थेट आत. आणि नदीकाठच्या सखल भागात तळघर असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. पाण्याखाली गेलेला ॲक्च्युएटर वाळवून पुन्हा लावू नका, बदला. पडद्याच्या खालच्या खाचेत बसलेला गाळ वाळल्यावर मडक्यासारखा कडक होतो.

सोबत काय न्यायचं

बॅटरी, दांड्याचा आरसा, फोन, मल्टिमीटर, शिडी, नायलॉनचा ब्रश. हाताला कापरोधक मोजे आणि डोळ्याला चष्मा. पात्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, थट्टा नव्हे. त्याच अंशांच्या नव्या लिंक सोबत ठेवा. तेलाची कुपी घरी ठेवा. तिचं कारण पुढं येतं.

पडद्याचा डँपर पाडणे

पॅनेलवाल्याला फोन करून सांगा, मग एएचयू बंद करा आणि स्टार्टरला कुलूप घालून किल्ली खिशात टाका. 'कुणी चालू करणार नाही' हे वाक्य ऐकून मी एकदा हात आत घातला होता आणि पंखा चालू झाला. बोटं वाचली, पण त्या दिवसापासून किल्ली माझ्याच खिशात असते.

झाकण उघडा आणि हात लावण्याआधी फोटो काढा. जसा सापडला तसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी पाडा, मग साफ करा. बहुतेक लोक उलटं करतात. ब्रश मारतात, फवारा मारतात, दोनदा हातानं वरखाली करतात, मग लिंक काढतात, पडदा सुळकन पडतो आणि रजिस्टरला 'ओके'. आग लागली असती तेव्हा तो साफ केलेला नव्हता. तो आज, धुळीसकट, कसा पडतो हेच तर बघायचं आहे.

पडदा एका हातानं वरून आधार देऊन धरा. लिंक आकड्यातून सोडवा. हात पडद्याच्या वाटेतून पूर्ण काढून घ्या आणि सोडा. स्प्रिंगचा पडदा असेल, विशेषतः मजल्यातला आडवा, तर तो मांजराच्या पंजासारखा झडप घालतो. तिथं हातानं धरायचं नाही, दोरी किंवा आकडा वापरायचा.

लायटरनं लिंक तापवून 'खरी चाचणी' दाखवणारे लोक भेटतील. नम्रपणे थांबवा. डक्टमध्ये धूळ आहे, आतून इन्सुलेशनही असू शकतं, आणि खाली ऑक्सिजनची लाइन आहे.

पडला? आता बघायचं ते असं. खालपर्यंत पूर्ण बसला का, की शेवटचे दोन इंच अडकला? दोन्ही बाजू सरळ, की एक कोपरा वर? खालचा खटका असेल तर तो लागला का? पलीकडून कुणाला बॅटरी मारायला सांगा. पात्यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसली तर ती धुराचीही वाट. बंद अवस्थेतला फोटो काढा.

अडकला असेल तर कारण शोधा. माझ्या अनुभवात ही कारणं पुन्हा पुन्हा येतात: डक्टला बाहेरून मारलेला लांब स्क्रू आत येऊन पडदा खिळवून बसलेला, नायट्राइल इन्सुलेशनचा डिंक खाचेत ओघळलेला, कुणीतरी डँपरमधूनच ओढलेली इंटरनेटची केबल, पारव्याची पिसं, बांधकामाच्या वेळचा सिमेंटचा गोळा. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे बाइंडिंग वायर. कधीतरी लिंक तुटली, पडदा पडला, वॉर्डात हवा येईना, रात्रपाळीच्या मुलानं तारेनं बांधून टाकला. त्याचा दोष कमी आहे. त्याला स्पेअर लिंक कुणी दिली होती?

यानंतर साफसफाई. ब्रश आणि व्हॅक्यूम. तेल-ग्रीस नाही, कारण त्यावर धूळ बसून वर्षभरात त्याचा चिकट लगदा होतो. उत्पादकानं सांगितलं असेल तरच कोरडं वंगण. गंजलेली, रंग बसलेली किंवा वाकलेली लिंक बदला. बदलताना त्याच अंशांची, कारण डक्टमध्ये हीटर असेल तर डिझायनरनं मुद्दाम वरच्या अंशांची दिलेली असू शकते. मग पुन्हा एकदा पाडा. दुसऱ्यांदा व्यवस्थित पडला की पडदा वर घेऊन लिंक लावा, आकडे नीट बसलेत का ते ओढून बघा, उघड्या अवस्थेचा फोटो काढा, झाकण लावा.

मोटरचा डँपर

इथं दोन वेगळ्या चाचण्या. पहिली विजेची: ॲक्च्युएटरचा पुरवठा तोडा आणि डोळे पात्यावर ठेवा. स्प्रिंगवर बंद व्हायला बहुतेकांना २०-३० सेकंद लागतात, विजेवर उघडायला एक-दोन मिनिटं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो आणि मोजलेला दोन्ही लिहा. मागच्या वर्षीपेक्षा वेळ वाढला असेल तर पातं कुठंतरी घासतंय. दुसरी थर्मल फ्यूजची: त्यावर बहुधा टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की पातं बंद व्हायला हवं.

क्लॅम्पचे बोल्ट हातानं तपासा. पातं बंद असताना पॅनेलवर 'बंद' आणि उघडं असताना 'उघडं' येतं का, हे दोन माणसांनी फोनवर बोलत ताडून बघा. एकट्यानं करायचं हे कामच नाही.

सगळं एकत्र

सुटे डँपर पास झाले, आता पूर्ण साखळी. डिटेक्टरला चाचणीचा स्प्रे द्या. त्यानंतर त्या भागाचा एएचयू थांबला पाहिजे, डँपर बंद झाले पाहिजेत, पॅनेलवर दोन्ही दिसलं पाहिजे. धूर बाहेर फेकणारे आणि जिन्यात दाब ठेवणारे पंखे मात्र याच वेळी चालू व्हायला हवेत. त्यांच्या वाटेत लिंकचा डँपर बसवलेला आढळला तर तो डिझायनरला विचारून काढा, कारण गरम धूर निघायला लागताच तोच वाट बंद करेल. कँटीनच्या चिमणीच्या डक्टलाही साधा फायर डँपर नको. तुपकट काजळी त्याला चिकटवून टाकते.

महावितरणची लाइन गेल्यावर काय होतं तेही याच दिवशी बघा. वीज गेली, सगळे ॲक्च्युएटर बंद व्हायला लागले, जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत आला, एएचयू लगेच सुरू झाला आणि पाती अजून अर्धी मिटलेली. बंद तोंडावर पंखा फुंकतोय, डक्ट फुगतोय, ओटीचा दाब कोसळलाय. उपाय सोपा: डँपर पूर्ण उघडल्याचा स्विच मिळाल्याशिवाय एएचयू सुरू होऊ नये अशी इंटरलॉक. काही ठिकाणी ती काढून ठेवलेली सापडते, 'सारखी ट्रिप होते' म्हणून.

शेवटी एएचयू चालू करा आणि ओटीच्या दारावरचा प्रेशर गेज बघा. २.५ पास्कल किंवा जास्त आलं, सिस्टरनं सही केली, तरच शिडी गोळा करा.

किती दिवसांनी, आणि कागद

अमेरिकेच्या एनएफपीए ८० या अग्निसुरक्षा मानकात बसवल्यावर एका वर्षानं पहिली तपासणी, पुढं दर चार वर्षांनी, आणि रुग्णालयांना सहा वर्षांची मुभा आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत ती दरवर्षी करतात. मी ब्रिटनच्या बाजूचा. सहा वर्षांत इथं सहा पावसाळे जातात.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैला द्यावा लागतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, तेव्हापासून या कागदाकडं लोक जरा गंभीरपणे बघतात. पण एजन्सीचा माणूस हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म बघतो. सीलिंगवरचे डँपर तुम्ही दाखवल्याशिवाय त्याला दिसत नाहीत. नंबरांची यादी त्याच्या हातात द्या आणि त्यातले चार कोणतेही निवडून समोर पाडायला सांगा.

रजिस्टरमध्ये 'ओके' हा शब्दच बंद करा. जसा सापडला, काय केलं, जसा सोडला, बंद व्हायला लागलेला वेळ, दोन फोटो, नाव, तारीख. नापास डँपर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत काय, तेही लिहा: त्या डक्टचा एएचयू धुरावर ट्रिप होतो याची त्याच दिवशी खात्री, वॉर्डाला कल्पना, आणि दुरुस्तीची तारीख. तारीख नसलेला नापास शेरा पुढच्या वर्षीही तसाच सापडतो. आणि सीलिंगवर कुणीही काम केलं, एसीवाला, केबलवाला, सीसीटीव्हीवाला, की त्या टप्प्यातले डँपर वेळ झाली नसली तरी पुन्हा पाडायचे.

त्या आयसीयूबाहेरच्या डँपरचा क्लॅम्प आम्ही नवा लावून कसला. पुन्हा घसरला तर कळावं म्हणून क्लॅम्पवरून दांड्यापर्यंत एक सलग रेघ मारायची होती, आणि मार्कर नेमका सुकलेला. सिस्टरनी पर्समधून लाल नेलपॉलिश काढून दिलं. यंदा मे महिन्यात झाकण उघडलं तर रेघ सलग होती. तरीही पुरवठा तोडला आणि पातं मिटेपर्यंत फिटर आत बॅटरी धरून उभा राहिला. २२ सेकंद.